साग, शिसव, सपेली आणि बाकीची मंडळी: ठाणे-नवी मुंबईच्या घरांसाठी शोभेच्या लाकडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा फर्निचरचा छोटा कारखाना ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतची कामं येतात आणि फोनवरचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. भाव मुद्दाम लिहिलेले नाहीत, कारण ते सतत हलतात.

भरीव लाकूड घ्यावं की व्हिनियर?

जिथे हात लागतो, पाय लागतो, ओझं पडतं, तिथे भरीव. जिथे फक्त नजर जाते, तिथे व्हिनियर. मुख्य दाराची चौकट, पलंगाचे पाय, खुर्चीचे हात, झोपाळ्याची पाटी, जिन्याचा कठडा ही भरीव लाकडाची कामं. वॉर्डरोबची दारं, टीव्हीमागची भिंत, पलंगाची पाठ ही व्हिनियरची.

“व्हिनियर म्हणजे फसवणूक, आम्हाला अस्सलच हवं,” असं म्हणणारे बरेच भेटतात. पण आठ फुटी वॉर्डरोबचं दार भरीव फळीत केलं तर एका पावसाळ्यात ते पिळवटतं, आणि मग सुताराला शिव्या बसतात. व्हिनियर हेही लाकूडच असतं, फक्त पातळ कापलेलं. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा चार मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवून आठ बाय चारचा शीट बनतो. दुर्मीळ झाडाचा एक ओंडका असा कापला तर कितीतरी घरांना पुरतो. तोच भरीव वापरला तर दोन टेबलांत संपतो.

व्हिनियरचा खरा तोटा वेगळाच आहे. ते घासायला वावच नसतो. सँडिंग मशीन दोन सेकंद जास्त टेकली की खालचा प्लाय दिसतो. भरीव टेबलाला वीस वर्षांनी रंधा मारून पुन्हा नवं करता येतं, व्हिनियरच्या टेबलाला नाही. म्हणून जेवणाच्या टेबलाचा वरचा भाग शक्यतो भरीव करा, असं आम्ही सांगतो.

एकाच नावाचं व्हिनियर दोन दुकानांत इतकं वेगळं कसं दिसतं?

नाव झाडाचं असतं, नक्षी मात्र कापण्यातून येते. गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही, आणि निम्मे गैरसमज इथेच होतात.

ओंडका सरळ आडवा ठेवून थरामागून थर काढले की डोंगराच्या शिखरांसारखी, एकात एक बसलेली नक्षी मिळते. त्याला क्राउन कट म्हणतात. तोच ओंडका आधी उभा चार भागांत चिरून, मग केंद्रातून बाहेर जाणाऱ्या दिशेनं कापला की सरळ समांतर रेघा मिळतात. तो क्वार्टर कट. सागाचा क्राउन कट आणि सागाचा क्वार्टर कट शेजारी ठेवले तर ही दोन वेगळी झाडं आहेत असंच वाटेल.

उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत आणखी एक गंमत असते. खोडातले तंतू काही वर्षं एका बाजूला तिरके वाढतात, मग काही वर्षं उलट्या बाजूला. असं लाकूड क्वार्टर कटमध्ये चिरलं की एक पट्टा उजेड परतवतो, शेजारचा गिळतो, आणि तुम्ही जागा बदललीत की दोघं भूमिका बदलतात. सपेली या आफ्रिकन लाकडाचे ते झळकणारे पट्टे असेच येतात. अंदमानच्या पादौक या लाकडातही हे दिसतं. अशा लाकडावर रंधा चालवणं मात्र डोकेदुखी. एका पट्ट्यावर रंधा गुळगुळीत जातो आणि पुढच्याच पट्ट्यावर तंतू उपटतो. पात्याला नुकती धार लावलेली असली तरीही.

सागाचं वेगळं आहे. साग उन्हाळ्यात पानं झाडून उभा राहतो आणि पाऊस आला की जोरात वाढतो, म्हणून त्याच्या खोडात वर्षागणिक स्पष्ट वलयं पडतात. येऊरच्या जंगलात एप्रिलमध्ये गेलात तर उघडेबोडके साग दिसतील. तुमच्या दारावरची प्रत्येक गडद रेघ ही अशाच एका उन्हाळ्यापावसाळ्याची हद्द असते. सपेलीसारख्या कितीतरी झाडांत ही वलयं इतकी ठळक नसतात, त्यामुळे त्यांची नक्षी मुख्यतः तंतूंच्या वळणातून येते.

व्हिनियर घेताना दोन गोष्टी करा. मोबाइलवरचा फोटो पाहून ऑर्डर देऊ नका. दुकानात शीट उजेडात उभे करून, एकाच ओंडक्याचे लागोपाठचे शीट मागा. त्यांच्या मागे ओंडक्याचा क्रमांक लिहिलेला असतो. आणि लागतील त्यापेक्षा एक शीट जास्त घ्या. नंतर त्याच ओंडक्याचा शीट मिळत नाही, आणि जवळपासच्या रंगाचा शीट लावला की तो जन्मभर डोळ्यांत खुपतो.

‘रेकॉन’ व्हिनियर काय असतं?

फिक्या रंगाच्या, झपाट्यानं वाढणाऱ्या लाकडाचे पापुद्रे रंगवून, एकमेकांवर चिकटवून त्याचा ठोकळा करतात आणि तो ठोकळा पुन्हा कापतात. दुकानात झेब्रानो किंवा वेंगे या आफ्रिकन लाकडांच्या नावानं दिसणारं पुष्कळसं व्हिनियर असंच बनतं. यात वाईट काही नाही. रंग एकसारखा राहतो, मोठ्या भिंतीला उपयोगी पडतं. दुकानदारानं ते रेकॉन म्हणून सांगावं, एवढीच अपेक्षा. ओळखायचं झालं तर दहा शीट शेजारी ठेवा. दहाही जुळ्यासारखे दिसले तर ते झाडानं केलेलं काम नाही.

समोरचं लाकूड खरं सागवान आहे, हे कसं ओळखायचं?

पुढच्या दर्शनी भागाकडे बघू नका, फळीच्या टोकाकडे बघा. पॉलिशवाला दर्शनी भागाला कुठलाही रंग आणू शकतो.

टोकाकडचा आडवा छेद धारदार ब्लेडनं नखाएवढा साफ कापा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. सागात दिसतं ते असं: मोठ्या छिद्रांची एक रांग, नुसत्या डोळ्यांनाही टाचणीच्या भोकांसारखी दिसेल अशी. तिच्यापुढे छिद्रं लहान होत जातात आणि विरळ विखुरतात. मग पुन्हा मोठ्या छिद्रांची रांग. काही छिद्रांत पांढुरकं भरण असतं. ही रांग पुन्हा पुन्हा येते, कारण प्रत्येक रांग म्हणजे एका पावसाळ्याची सुरुवात. मारांती किंवा मलेशियन साल असं दुसरंच लाकूड रंगवून साग म्हणून दिलं असेल तर छिद्रं सगळीकडे सारखी पसरलेली दिसतात, अशी वलयाची रांग नसते.

दुसरी खूण वासाची. ताज्या कापाला जुन्या कातड्यासारखा वास येतो. तिसरी स्पर्शाची. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून रंधा मारलेला पृष्ठभाग किंचित मेणचट लागतो. चौथी, थिनरमध्ये बुडवलेल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. फडक्यावर तपकिरी किंवा लालसर रंग भरपूर उतरला तर आधी रंग फासलेला आहे.

वजनावरूनही अंदाज येतो. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, म्हणजे घनफुटाला साडेअठरा किलोच्या आसपास. हातात धरलेली फळी याहून फारच हलकी किंवा फारच जड वाटली तर पुढचे प्रश्न विचारा.

‘बर्मा टीक’ आजही मिळतं का?

पाटीवर हमखास मिळतं. म्यानमारनं, म्हणजे पूर्वीच्या बर्मानं, १ एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर तिथून बाहेर पडला तो मुख्यतः कापलेला माल. तेव्हा कोणी “बर्माचा ओंडका आहे, समोर चिरून देतो” म्हणालं तर आयातीची कागदपत्रं मागा. ती नसतील तर तो साग घाना, नायजेरिया, कोस्टारिका, इक्वेडोर किंवा पनामा इथल्या लागवडीतला असण्याचीच शक्यता जास्त.

बर्माच्या जुन्या मालाची कीर्ती उगाच झालेली नाही. ती जंगलात सावकाश वाढलेली मोठी झाडं होती. तोडण्याआधी खोडाभोवती साल आणि बाहेरचं लाकूड गोल खाचून झाड दोन-तीन वर्षं उभ्या उभ्या वाळवायचे. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो, आणि ओंडके नदीतून खाली आणायचे असत.

मग कोणता साग घ्यावा?

आमची पसंती चंद्रपूर-गडचिरोलीच्या मालाला, ज्याला बाजारात सीपी (जुन्या मध्य प्रांतावरून) किंवा बल्लारशा म्हणतात. रंग सोनेरी तपकिरी, रेघा जवळजवळ, गडद शिरा भरपूर. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते बल्लारपूरहून, म्हणजे याच बल्लारशाहून.

परदेशी लागवडीतला साग टाकाऊ नाही. पण पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या झाडात गाभा कमी आणि बाहेरचा पिवळट-पांढरा भाग जास्त. वाळवीला आणि पाण्याला दाद न देणारी द्रव्यं गाभ्यातच असतात. पांढऱ्या भागात ती जवळपास नसतात, मग झाड सागाचं असो की आणखी कशाचं. म्हणून देशापेक्षा फळीकडे बघा. पांढरा पट्टा किती आहे, गाठी किती, वलयं किती जवळ. स्वयंपाकघरातल्या आतल्या कप्प्यांना लागवडीचा साग चालतो. मुख्य दाराच्या चौकटीला नको.

गावी बाबांनी लावलेले साग आहेत. त्यांचं फर्निचर करता येईल का?

येईल, पण आधी परवानगी. शेतातला साग तोडायला १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते आणि माल ठाण्यापर्यंत आणायला वन विभागाचा वाहतूक परवाना. टेम्पो भरून रात्री निघालात तर नाक्यावर अडकाल, आणि घरचंच लाकूड असलं तरी जप्त होईल.

तोडल्यावर फळ्यांच्या दोन्ही टोकांना लगेच जाड ऑइलपेंट किंवा मेण लावा. टोकाकडून पाणी सर्वांत वेगानं उडतं आणि तिथूनच भेगा सुरू होतात. फळ्या सावलीत, जमिनीपासून फूटभर वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक आल्या पाहिजेत, नाहीतर फळ्या लहरींसारख्या वाकतात. कोकणात हे काम दिवाळीनंतर सुरू करावं. जूनमध्ये चिरलेला माल वाळत नाही, बुरसटतो.

शिसव आणि शिसम एकच का?

नाही. जयपूर-जोधपूरचं म्हणून जे ‘शीशम’ फर्निचर ऑनलाइन येतं ते उत्तरेकडच्या डाल्बर्जिया सिसू झाडाचं. आपल्या सह्याद्रीतली आणि कर्नाटक-केरळातली शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया. दोघी बहिणी, पण रंग वेगळा. सिसू सोनेरी ते गडद तपकिरी. शिसवेत जांभळट झाक आणि जवळजवळ काळ्या शिरा. वाळलेल्या शिसवेचं वजन घनमीटरला ८३० किलोच्या आसपास, म्हणजे सागाच्या सव्वापट. जुन्या घरातला शिसवी पाट उचलताना मनगटाला ते कळतं.

आज जंगलातली शिसव फार थोडी उरली आहे, आणि आमच्या मते अख्खा पलंग शिसवेचा करून घेण्याचे दिवस गेले. मुठी, कडा, आतली नक्षी, पानाचा डबा, चौरंगाची पट्टी, अशा जागी ती वापरा. थोडीशी शिसव सागाच्या शेजारी जेवढी खुलते तेवढी एकटी खुलत नाही. पॉलिशवाल्याला लाकडाचं नाव आधी सांगा. शिसवेतल्या द्रव्यांमुळे काही पॉलिएस्टर पॉलिश नीट वाळत नाहीत, चिकट राहतात.

पावसाळ्यात दार फुगून घट्ट होतं. लाकूड खराब निघालं का?

बहुतेक वेळा नाही. लाकूड मरेपर्यंत आणि मेल्यावरही हवेशी देवाणघेवाण करत राहतं. आपण खाडीकाठी राहतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो आणि कोरड्या महिन्यांत १०-११ वर येतो. एसीच्या खोलीत आणखी खाली.

याचा मिलिमीटरमध्ये हिशेब बघा. क्राउन कटची एक फूट रुंद सागाची फळी ओलाव्यात सात टक्क्यांचा फरक पडला की रुंदीत साधारण चार मिलिमीटर हलते. तीच फळी क्वार्टर कटची असेल तर दोन मिलिमीटरच्या आसपास. लांबीत मात्र बदल जवळजवळ शून्य. एवढ्या एका गोष्टीवर सगळी सुतारकी उभी आहे. पॉलिशनं हा बदल हळू होतो, थांबत नाही.

म्हणून दिलाहाच्या, म्हणजे चौकटीत फळी बसवलेल्या दारात मधली फळी खाचेत मोकळी बसवतात, चिकटवत नाहीत. झोपाळ्याची पाटी एका रुंद फळीची न करता अरुंद पट्ट्या जोडून करतात. टेबलाच्या वरच्या भागाला खालून स्क्रू मारताना भोक गोल न ठेवता लांबट ठेवतात. हे न करता फळी चारही बाजूंनी आवळून टाकली की मार्चमध्ये ती बंदुकीच्या आवाजानं तडकते. आणि मग लोक म्हणतात लाकूड फसवं निघालं.

दार पावसाळ्यात तासून घेऊ नका. ऑक्टोबरमध्ये ते आपोआप सैल होईल आणि तासलेलं असेल तर फट राहील. दारं उघडून वरची आणि खालची कड बघा. तिथे पॉलिश मारायचं सुतार हमखास विसरतात, आणि पाणी तिथूनच शिरतं. खरेदी करताना मॉइश्चर मीटर टेकवून घ्या. आमच्याकडे फर्निचरला १२ टक्क्यांच्या वरचं लाकूड घेत नाही. नवी मुंबईतल्या नव्या इमारतींत प्लास्टरच ओलं असताना फर्निचर आत जातं, ही वेगळी रड आहे. भिंत वाळल्याशिवाय पॅनेलिंग चढवू देऊ नका, बिल्डरची ताबा देण्याची तारीख काही का असेना.

पादौक घेतला तेव्हा भडक केशरी होता, आता तपकिरी झाला. रंग लावलेला होता का?

नाही, उन्हानं केलं. आफ्रिकन पादौक ताजा कापलेला नारिंगी-लाल असतो आणि काही महिन्यांत विटकरी, मग तपकिरी होतो. पर्पलहार्टची जांभळी छटाही अशीच तपकिरीकडे सरकते. फणसाचं लाकूड पिवळंधमक असतं ते वर्षांनुवर्षांत गडद तपकिरी होतं, आणि आमच्या मते तेव्हाच देखणं दिसतं. सागाच्या ताज्या कापावर हिरवट डाग दिसतात. घाबरू नका, उजेडात आठवड्याभरात ते सोनेरी रंगात मिसळून जातात.

अतिनील किरण रोखणारं पॉलिश हा बदल लांबवतं, टाळत नाही. ज्यांना दुकानातलाच रंग कायम हवा असेल त्यांनी लॅमिनेट घ्यावं, आम्ही मनापासून सांगतो. आणि नव्या टेबलावर पहिले काही महिने फुलदाणी एकाच जागी ठेवू नका. तिचा गोल ठसा राहतो.

सपेली, वेंगे, झेब्रानो, बुबिंगा यांत फरक काय?

चौघंही आफ्रिकेची. सपेली तांबूस तपकिरी, पट्टे झळकणारी, व्हिनियरमध्ये सर्वांत भरवशाची. वेंगे जवळजवळ काळा, बारीक फिक्या रेघांचा. त्याचे सल बोटात गेले तर पिकतात, आणि झाडही धोक्यात आलेल्या यादीत आहे. झेब्रानो फिका, त्यावर गडद पट्टे. लहान जागेत छान, पूर्ण भिंतीला लावला तर पाहुण्यांना गरगरतं. बुबिंगा लालसर, जड, आणि २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन असलेला.

महोगनी?

खरी महोगनी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. ती फार कमी हलते, कोरीव कामाला लोण्यासारखी कापते. मोठ्या पानांच्या महोगनीचा जंगली माल २००३ पासून परवान्याखाली आला. मुंबई-ठाण्यात रस्त्याकडेला हीच झाडं शोभेसाठी लावलेली आहेत, लाकडी कवचाची मुठीएवढी फळं फुटून बिया भिरभिरत खाली येतात ती. “एक एकर महोगनी लावा, कोट्यधीश व्हा” असे व्हिडिओ बघून कोणी विचारलं तर आमचं उत्तर एकच: कोवळ्या झाडाच्या महोगनीला आम्ही तो भाव देत नाही.

आबनूस किंवा रक्तचंदन मिळेल का?

आमच्याकडे नाही. आबनूस हवाच असेल तर काळा रंगवलेला व्हिनियर बघा. रक्तचंदन कोणी ‘ओळखीतून’ देतो म्हणालं तर फोन ठेवून द्या.

परदेशी नावं सोडून आपल्या मातीतलं काही सुचवाल?

हा प्रश्न फार कमी येतो, आणि यायला हवा.

ऐन घ्या. गडद तपकिरी, त्यावर काळसर शिरा, पॉलिशनंतर अक्रोडाशी स्पर्धा करतो. जड आहे, चिरताना पाती खातो, नीट वाळवला नाही तर तडकतो. पण वाळवलेल्या ऐनाचं टेबल एकदा बघा. त्यात टॅनिन भरपूर, म्हणून लोखंडी खिळे नकोत. ओल लागली की खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो. पितळी किंवा स्टेनलेस वापरा.

बिबळा, म्हणजे काही भागांतला असाणा, पिवळसर तपकिरी आणि टिकाऊ. याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवलं की ते पिवळं होतं आणि उन्हात धरलं की त्यात निळी झाक चमकते. लाकूड ओळखायची यापेक्षा सुंदर परीक्षा आम्हाला माहीत नाही. पेल्याच्या औषधी गुणांबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा, सुताराला नको.

शिवण हलकी, फिकी, कमी हलणारी, कोरीव कामाला आणि ड्रॉवरच्या आतल्या बाजूंना उत्तम. फणसाबद्दल वर लिहिलंच. वीणा आणि मृदंगाला पिढ्यान्‌पिढ्या तो वापरतात, हे लाकूड स्थिर आहे याचा दुसरा पुरावा कशाला हवा?

जुन्या घरातलं लाकूड वापरावं का?

मिळालं तर सोडू नका. नौपाडा, चरई, जुनं ठाणं, या भागांतल्या किती इमारती रिडेव्हलपमेंटमध्ये पडल्या. त्यातल्या तुळया आणि वासे बऱ्याचदा असा साग असतो, जो आज पैसे मोजूनही मिळत नाही. पाडकाम करणारा ते वजनावर किंवा ठोक विकतो. तुमच्याच सोसायटीची इमारत पडणार असेल तर तुमच्या दाराची चौकट करारात आधीच लिहून घ्या.

बाहेरून या जुन्या तुळयांकडे बघवत नाही. ऑइलपेंटचे थरावर थर, हिरवा, त्याखाली पिवळट, त्याखाली चॉकलेटी. खिळ्यांची भोकं, प्रत्येकाभोवती काळं कडं. भिंतीत गेलेलं टोक चुन्यानं पांढरं झालेलं. त्यावर रंध्याचा पहिला हात फिरला की आतून मधासारखा रंग उघडतो आणि कातड्याचा वास सुटतो, काल कापल्यासारखा.

पण काम किचकट आहे. आधी मेटल डिटेक्टर फिरवून खिळे काढावे लागतात. मुंडकं तुटलेला एक खिळा आत राहिला तर मशीनची पाती गेलीच. भिंतीत गाडलेलं टोक बहुतेक वेळा पोकळ असतं, ते फूट-दीड फूट कापून टाकतो. वाळवीच्या वाटा असतील तर टोकापासून आत ठोकून आवाज ऐका. घासण्याआधी जुना रंग खरवडून काढा आणि मास्क लावा, कारण जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं. मजुरी नव्या लाकडापेक्षा जास्त येते हे आधीच सांगतो. खिळ्यांची भोकं भरून टाकायची की तशीच ठेवायची, हे तुमच्यावर. आम्ही ठेवतो.

घनफुटाचा हिशेब कसा करतात? वखारीत आम्हाला काही कळत नाही.

रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात. तिन्हींचा गुणाकार करून १४४ नं भागा. पाच बाय तीन इंचाची, सात फुटी चौकट घ्या. एक उभा खांब ५ × ३ × ७ भागिले १४४, म्हणजे ०.७३ घनफूट. असे दोन, आणि वरचा साडेतीन फुटी आडवा ०.३६. एकूण १.८२ घनफूट. सागात हिचं वजन चौतीस किलोच्या आसपास भरायला हवं.

विचारायचं एवढंच की माप चिरलेल्या मालाचं की रंधा मारल्यानंतरचं. रंध्यात प्रत्येक बाजूनं दीड-दोन मिलिमीटर जातात. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर लाकडाचं नाव लिहून घ्या. ‘टीक’ एवढंच नको.

पॉलिश कोणतं करावं?

जुनं चपडी-स्पिरिटचं पॉलिश दिसायला सर्वांत ऊबदार, पण गरम कप ठेवला की पांढरा गोल उमटतो. मेलामाइन मध्यम. पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ, पण ओरखडा पडला तर तुकड्यात दुरुस्त होत नाही. तेल-मेणाचं काम आम्हाला आवडतं. दर वर्षी एक हात फिरवायची तयारी असेल तरच ते करा.

सागाला गोंद लावताना आधी थिनरनं पुसून घ्यावं लागतं, कारण त्याचं तेल गोंद धरू देत नाही. तुमचा सुतार हे करतो का, ते उभं राहून बघा.

बाल्कनीत लाकडी बाक ठेवला तर?

सागाचा ठेवा आणि त्याला करडा होऊ द्या. उन्हापावसात चकचकीत पॉलिश वर्ष-दोन वर्षांत पोपडे सुटून निघतं आणि खरवडण्याचा व्याप मागे लागतो. ‘टीक ऑइल’ म्हणून मिळतं ते सागापासून काढलेलं नसतं, ते साधारणपणे जवसासारखं तेल आणि थिनर यांचं मिश्रण असतं. लावायला हरकत नाही, फक्त ते दर काही महिन्यांनी लावावं लागतं.

देव्हाऱ्याला कोणतं लाकूड?

साग किंवा शिवण. लाकडापेक्षा दिव्याचा विचार जास्त करा. समईची वात आणि वरचं छत यांत हातभर अंतर हवं, छताला आतून काच किंवा दगडाची चकती बसवा. दिव्याखाली पितळी ताट ठेवा. तेल एकदा सागात मुरलं की डाग निघत नाही, आणि कुंकवाचं पाणी तर फिक्या शिवणीत कायमचं बसतं.

फर्निचरखाली पिठासारखी पूड दिसते. वाळवी आहे का?

वाळवी मातीच्या नळ्या करते. पीठ पडत असेल तर तो बोरर, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. बारीक गोल भोकं दिसतील. तो बहुधा पांढऱ्या भागात किंवा प्लायच्या मधल्या थरात असतो, सागाच्या गाभ्यात सहसा जात नाही. भोकांत औषध सोडणारा माणूस बोलवा आणि भोकांभोवती खडूनं खूण करा. नवी भोकं पडली की लगेच कळतं.

घरातच कटिंग चालू आहे, धुळीचं काय?

ही धूळ साधी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत धरली आहे. मुख्य धोका रोज ती हुंगणाऱ्या सुतारांना. साग आणि शिसवेच्या धुळीनं काहींच्या त्वचेला खाजही सुटते. कटिंग कारखान्यात, घरी फक्त जोडणी, असा आग्रह धरा. घरी करणारच असाल तर कामगारांना फडकं नव्हे, नीट मास्क द्या. खर्च तुम्हीच करा, कंत्राटदार करणार नाही.

मुलीला अमेरिकेत शिसवी चौरंग पाठवायचा आहे. चालेल?

डाल्बर्जिया वंशातली सगळी झाडं जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या परवाना-यादीत आहेत. दहा किलोपर्यंत लाकडाच्या तयार वस्तूंना त्यात सवलत आहे, चौरंग बहुधा त्यात बसतो. तरी झाडाचं नाव लिहिलेलं बिल सोबत ठेवा आणि पाठवण्याआधी कुरियर कंपनीकडून तिथले आणि इथले दोन्ही नियम विचारून घ्या. सागाच्या चौरंगाला ही कटकट नाही.

सोसायटीतलं झाड वादळात पडलं. त्याचं लाकूड घेता येईल का?

आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला कळवा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे ही व्यवस्था आहे, आणि उभं झाड तोडायलाही त्यांचीच परवानगी लागते. लाकूड मिळालंच तर त्याच आठवड्यात चिरून टोकं रंगवून घ्या. आंबा, फणस, शिरीष यांच्या फळ्या चांगल्या निघतात. गुलमोहराच्या मागे लागू नका.